तळपायाची आग

बांग चिल-सॉप भडकला की खोऱ्यातली कुत्रीसुद्धा वाट सोडतात, असं खाणीच्या वसाहतीत म्हणायचे. एकदा कॅन्टीनच्या बाईने नजरचुकीने त्याच्या डब्यात चार पळ्या भात भरला. चार म्हणजे मरण, दोन्हींचा उच्चार एकच. खाणीत उतरणाऱ्याच्या डब्यात चार पळ्या कुणी घालत नाही. चिल-सॉपने तो डबा असा भिरकावला की तो थेट कॅन्टीनच्या पत्र्यावर जाऊन पडला आणि पाळी सुटेपर्यंत कावळ्यांची चंगळ झाली. संध्याकाळी मात्र हाच माणूस सुक्या माशांची जुडी घेऊन त्या बाईच्या दारात उभा.

"वहिनी, सकाळचं मनावर घेऊ नका."

"मनावर नाही घेतलं. पण डबा अजून पत्र्यावर आहे, तो तूच काढ."

मग त्याने शिडी लावली, डबा काढला, घासला आणि नेऊन दिला. असा तो माणूस. पेटायचाही पेंढ्यासारखा आणि विझायचाही पेंढ्यासारखाच.

आपल्या रागाबद्दल त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पाळी संपल्यावर घशातली कोळशाची भुकटी धुऊन काढायला सगळे डुकराचं मांस भाजत बसले, दोन वाट्या माकगॉल्ली, म्हणजे तांदळाची दारू, पोटात गेली, की तो ते सांगायचा. "राग डोक्यात नसतोच मुळी. आधी तळपायाला चटका बसतो. मग पोटऱ्या. मग पोटात उकळी फुटते. कानाच्या पाळ्या तापल्या की समजायचं, आता हात उठणार. डोक्याला बिचाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं."

"यांच्या डोक्याला कळतं?" त्याची बायको ओक-बून मांस उलटत म्हणायची. "चौदा वर्षं झाली लग्नाला, मला काही अजून तसा पुरावा मिळाला नाही."

भीतीचंही तसंच. एकदा कोळसा काढता काढता त्याच्या पोटात एकाएकी गोळा आला. ना आवाज, ना भेग, काहीच नाही. तो ओरडला, "मागे व्हा!" पाच जण मागे धावले आणि ते उभे होते तिथे छत खाली आलं. त्या दिवसापासून लोक त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या पोटावर जास्त भरवसा ठेवू लागले. पाळीला उतरताना जुने खाणकामगारही विचारायचे, "काय चिल-सॉप, आज पोट काय म्हणतंय?"

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, चांद्र नववर्ष होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा पोट काहीच म्हणालं नाही.

त्याच्या जोडीला मा जोंग-दे होता. त्याच्याच गावचा, सात वर्षांनी धाकटा. त्याला खाणीत चिकटवलं होतं चिल-सॉपनेच. पुढे कोळसा तोडण्याआधी मागचे दोन लाकडी टेकू आणून छताखाली ठोकायचे, एवढंच जोंग-देचं काम होतं.

"टेकू लाव रे."

"लावतो दादा, एवढी गाडी भरू दे."

गाडी भरली नाही. छत आलं. जोंग-देच्या खांद्याला खरचटलं, आणि चिल-सॉपच्या मानेचं हाड मोडलं.

खोऱ्यातल्याच रुग्णालयात त्याला शुद्ध आली. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. मानेच्या हाडातून जी दोरी खाली जाते, ती तुटली आहे. डोक्याचं अंगाला आणि अंगाचं डोक्याला आता काही कळणार नाही. खांदे उचलतील, कोपरं थोडी वाकतील, श्वास चालेल. ओक-बूनने सगळं ऐकून घेतलं, घरून एक गादी आणली आणि त्याच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरली. अकरा वर्षांची मी-रान शाळा सुटल्यावर आजीकडे राहू लागली.

मे महिन्यात जोंग-दे भेटायला आला. हातात पिवळ्या पीचच्या फोडींचे दोन डबे. दारातच त्याने गुडघे टेकले आणि गुडघ्यांवरच खाटेपर्यंत आला. खोलीतले इतर रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडले. चिल-सॉपचा राग सगळ्यांना ठाऊक होता. हात उठणार नाही, पण तोंड तर शाबूत होतं.

चिल-सॉपने तीन महिने या क्षणाची वाट पाहिली होती. काय काय बोलायचं, ते छताकडे बघत बघत त्याने मनात घोळवून ठेवलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते सगळं बोलला. "माझ्यामुळे तुझ्या घरात चूल पेटली, आणि दोन लाकडं आणायला तुझे हात झिजत होते? माझी पोर आता बापाला घास भरवते. उद्या ती मोठी झाली की तिला काय सांगू, की एका गाडीपायी?" शब्दाला शब्द बरोबर आला. जोंग-दे कपाळ फरशीला टेकवून रडत राहिला आणि शेवटी उठून गेला.

तो गेल्यावर ओक-बूनने पीचचा डबा उघडला, एक फोड त्याला भरवली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"का?"

"बोललात सगळं. पण रेडिओवर बातम्या सांगतात तसं बोललात."

चिल-सॉप फोड चघळत राहिला. तिने बरोबर ओळखलं होतं. तो बोलत होता आणि आत वाट बघत होता. चटका बसेल, उकळी फुटेल, कान तापतील. काही झालं नाही. जोंग-देचं चुकलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा राग यायला हवा, हेही ठाऊक होतं. पण राग आला नव्हता. आपण रागावलो आहोत असा नुसता निरोप आला होता.

मेल्यावर असंच असेल का, असं त्याच्या मनात आलं. आणि या विचाराची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. पोटात गोळा यायला पोट कुठे होतं?

त्या उन्हाळ्यात रुग्णालयाच्या दिवाणखान्यात दिवसभर टीव्ही चालू असायचा. युद्धात ताटातूट झालेली माणसं गळ्यात पाट्या अडकवून एकमेकांना शोधत होती, आणि सगळा देश कामधंदा सोडून ते बघत बसला होता. फुप्फुसात कोळसा भरलेले म्हातारे प्राणवायूच्या नळ्या नाकात घालून बसायचे. चिल-सॉपचीही खुर्ची ओक-बून तिथे आणून लावायची. एका दुपारी तेहतीस वर्षांनी दोन बहिणी समोरासमोर आल्या. धाकटीने थोरलीच्या भुवईवरचा व्रण बोटाने चाचपून पाहिला आणि किंकाळी फोडली. चिल-सॉपच्या घशात आवंढा असा अडकला की त्याला श्वास घेता येईना. डोळ्यांतून धारा लागल्या. ज्या माणसाने आईला माती देतानाही डोळे ओले केले नव्हते, तो हमसाहमशी रडत होता. स्वतःचे डोळे पुसायलाही त्याला हात नव्हता. ओक-बूनने एका हाताने त्याचे आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे पुसले.

"म्हणजे मेलो नाही मी अजून," नंतर तो म्हणाला.

"मेलेला माणूस एवढं जेवत नाही," ओक-बून म्हणाली.

पण त्याला कोडं पडलं ते पडलंच. राग गेला, भीती गेली आणि हे रडणं मात्र पूर्वी नव्हतं ते कुठून आलं? अर्धं दुकान बंद आणि अर्धं दिवसरात्र उघडं, असा हा काय प्रकार?

दोन वर्षं त्याने हे कुणाला विचारलं नाही. पंच्याऐंशीच्या वसंतात नाम यॉन-जू नावाची एक मुलगी सोलहून आली. विद्यापीठात मनाचा अभ्यास करत होती. खांद्याला टेपरेकॉर्डर, हातात प्रश्नांचा गठ्ठा. मान किंवा पाठ मोडलेल्या पंधरा-वीस जणांशी तिला बोलायचं होतं. पहिला प्रश्न तिने अगदी भीत भीत विचारला.

"काका, अपघाताच्या आधी तुम्हाला राग कसा यायचा आणि आता कसा येतो?"

चिल-सॉप तिच्याकडे बघतच राहिला. "पोरी, हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"की राग बदलतो म्हणून. मी तर बायकोशिवाय कुणाला बोललो नाही."

मग यॉन-जूने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. एका विद्वानाने म्हटलं, लोकांना वाटतं, आपल्याला दुःख होतं म्हणून आपण रडतो. उलटं आहे. आपण रडतो म्हणून आपल्याला दुःख होतं. अस्वल दिसलं की पाय आधी पळतात, छाती आधी धडधडते आणि ती धडधड मनाला कळते, तिचंच नाव भीती. अंगच काढून घेतलं तर मागे काय उरेल? थंडगार विचार.

"बघा!" चिल-सॉप ओरडला. "मी काय सांगत होतो? डोक्याला शेवटी कळतं!" आणि ओक-बूनकडे वळून, "ऐकलंस? विद्वान म्हणतो!"

"मग दुसऱ्या विद्वानांनी त्याला खोडून काढलं," यॉन-जू म्हणाली. "त्यांनी कुत्र्यांची तीच दोरी कापली, काका. कुत्र्याला अंगाचं काहीच कळत नव्हतं. तरी परका माणूस दिसला की कुत्रं दात विचकायचं आणि ओळखीचा दिसला की आनंदाने भुंकायचं. म्हणजे राग डोक्यातही असतो."

"पण त्या कुत्र्याला आतून काय वाटत होतं, ते विचारलं का कुणी?"

"कुत्र्याला कसं विचारणार?"

"म्हणून माझ्याकडे आलीस होय!" चिल-सॉप हसत सुटला. खोलीतले सगळेच हसले आणि यॉन-जू कानांपर्यंत लाल झाली. तो म्हणाला, "लाजू नकोस. विचार. हे कुत्रं सांगेल."

आणि त्याने सगळं सांगितलं. पीचचे डबे, कोरडे शब्द, न आलेली उकळी. "राग आता पत्राने येतो, पोरी. घरी कुणीतरी वारलं म्हणून पत्र यावं आणि आपण ते वाचून घडी घालून ठेवावं, तसा." भीतीही तशीच. रडण्याचं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, "छे, पुरुषासारखा पुरुष मी."

"खोटं!" ओक-बून खालून म्हणाली. "रेडिओवरच्या मालिकेतल्या सुनेला सासूने बोल लावला, तरी यांची उशी भिजते."

यॉन-जूचं लिहिणं थांबलं. हातातल्या पेनाने तिने स्वतःच्याच गळ्याला स्पर्श केला. "काका, आवंढा इथे येतो. अश्रू इथे येतात. या दोन्हींचा रस्ता मोडलेल्या जागेच्या वरूनच जातो. मानेतून खाली जातच नाही."

गेली दोन वर्षं चिल-सॉप स्वतःला बायकी झालेला, खचलेला समजत होता, आणि ही पोर सांगत होती की बंद पडलेल्या खाणीत एक बोगदा अजून चालू आहे आणि सगळा माल तिथूनच वर येतोय. त्याच्या जन्माच्या आधी, समुद्रापलीकडे, कुणीतरी बसून नेमका याचाच विचार केला होता. त्याला स्वतःच्या अंगाबद्दल, त्या निपचित पडलेल्या धुडाबद्दल, पहिल्यांदाच आदर वाटला. चाळीस वर्षं ते त्याच्या मनाला रोज बातम्या पुरवत होतं आणि त्याला पत्ताही नव्हता.

त्यानंतर यॉन-जू दर महिन्याला येऊ लागली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची गोष्ट. हिवाळ्याचं किमची घालायचे दिवस होते. रुग्णालयाच्या अंगणात बायका मिठातली कोबी धूत होत्या आणि ओक-बूनचे हात कोपरापर्यंत तिखटाने लाल झाले होते. तेवढ्यात खाणीची जीप आली. सुटकापथकाचा मुकादम धावतच खोलीत शिरला, त्याच्यामागोमाग ओक-बून.

"चिल-सॉपदादा, खालच्या पातळीवर पाणी फुटलंय. एक जण पलीकडे अडकलाय. पाइपावर ठोकतोय, म्हणजे जिवंत आहे. पुढून जायला पंधरा दिवस लागतील. मागून एखादी वाट आहे का?"

चिल-सॉपने डोळे मिटले. अकरा वर्षांपूर्वी त्याने आणि आता हयात नसलेल्या दोघांनी तिथे हवेसाठी एक अरुंद बोगदा खणला होता. तीन आठवडे काम चाललं, मग त्या भागात कोळसाच लागला नाही म्हणून तोंड बुजवून टाकलं. नकाशावर तो कधी चढलाच नाही.

"आहे. पण असा सांगून सापडणार नाही. मला फोनपाशी न्या. तुमची माणसं आतून काय दिसतंय ते सांगतील आणि मी सांगेन कुठे वळायचं. अडकलंय कोण?"

मुकादमाने ओक-बूनकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मा जोंग-दे."

डॉक्टर नको नको म्हणत असतानाच त्याला खुर्चीसकट मालट्रकमध्ये चढवलं. ओक-बूनने तिखटाचे हात कसेबसे धुतले आणि तीही चढली. खाणीच्या तोंडाशी कचेरीत त्याला पट्ट्याने खुर्चीला बांधून, वर घोंगडी घालून, फोनपाशी बसवलं. बाहेर वसाहतीच्या बायका उभ्या होत्या. कुणीतरी मोठ्याने रडत होतं. कचेरीतली माणसं एकमेकांवर ओरडत होती. चिल-सॉप एकटा शांत. त्याने पाहिलं की बाकीच्यांचे हात कापताहेत, ओठ सुकलेत, आणि त्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नाहीयेत. त्याला ते सगळं काचेपलीकडून बघितल्यासारखं दिसत होतं. पहिले दोन तास तो फोनवर थंड आवाजात सांगत राहिला. "दुसऱ्या फाट्याला उजवीकडे. छत बसकं होतंय? मग बरोबर आहे. चला पुढे."

दुपारी जोंग-देची बायको आत आली. तिने दोन्ही हातांनी त्याच्या खुर्चीची मूठ धरली. "दादा, तुम्हाला आमच्यासाठी काही करा म्हणायला तोंड नाही मला..."

आणि तेव्हा ते झालं. चिल-सॉपचं कपाळ ठणकू लागलं. गाल तापले. कानाच्या पाळ्या पेटल्या. पावणेतीन वर्षांत पहिल्यांदा! कानशिलं हातोडा मारल्यासारखी उडत होती, कपाळावरून घामाच्या धारा निघाल्या. आला, असं त्याला वाटलं. राग आला! हरवलेला बैल दारात येऊन हंबरावा तसा त्याला आनंद झाला आणि त्या आनंदातच तो गरजला, "राहू दे त्याला तिथेच! दोन लाकडं आणायला जड झाली त्याला! बसू दे अंधारात, कळू दे!"

फोन धरणारा माणूस थिजला. जोंग-देची बायको मागे सरकली. फोनमधून आवाज येत होता, "हॅलो? भिंत लागली, आता कुठे? हॅलो?"

"नाही सांगत!" चिल-सॉप ओरडला. हा आवाज खरा होता. पत्र्यावर डबा फेकणारा आवाज.

ओक-बून मात्र त्याच्या तोंडाकडे नाही, मानेकडे बघत होती. गळ्यावर लाल चट्टे उठले होते. नर्सने तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं: चेहरा लाल झाला, घाम फुटला, डोकं ठणकलं, तर आधी नळी बघायची. असं त्याला एकदाच झालं होतं, आणि तेव्हा तो तापाच्या ग्लानीत होता. तिने कुणाला न विचारता घोंगडी उचलली. लघवीची नळी खुर्चीच्या पट्ट्याखाली अडकून दुमडली होती. फुगलेलं मूत्राशय बिचारं त्याला येईल त्या भाषेत टाहो फोडत होतं. तिने पट्टा सैल केला आणि नळी सरळ केली.

"मला काय करतेस तू? मला बोलू दे!"

"बोला ना. मी कुठे अडवलंय?"

तो बोलायला गेला. पण कानशिलांवरचा हातोडा मंदावला. गाल निवले. चार-पाच मिनिटांत कपाळावरचा घाम गार पडला आणि त्याच्याबरोबर तो राग, तो इतक्या दिवसांनी घरी आलेला राग, नळीतून वाहून गेला. चिल-सॉप आ वासून बायकोकडे बघत राहिला.

"तो राग नव्हता?"

"नळी दुमडली होती."

"पण मला तर वाटलं..." त्याने आत शोधलं. जोंग-देचं चुकलं होतं, हे अजूनही तिथेच होतं, जसंच्या तसं. तेवढ्याने माणसाला अंधारात ठेवता येत नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी मात्र ठेवता आलं असतं, अगदी सहज. एका नळीने माणूस मेला असता, आणि चिल-सॉप जन्मभर म्हणत राहिला असता, की माझ्या रागाने मारला.

त्याचं सगळं डोकं एखाद्या मोठ्या गुहेत शिरल्यासारखं गप्प झालं. मग तो म्हणाला, "फोन कानाला लाव." आणि फोनमध्ये, "भिंतीवर डावीकडे, कमरेच्या उंचीवर हातोडीने ठोका. पाणी ठिबकत असेल तिथेच. पोकळ आवाज आला की ती बुजवलेली वाट. हळू खणा, वर दगड सैल आहे."

पलीकडून ठोकल्याचे आवाज आले. मग ओरडणं. "पोकळ आहे! दादा, पोकळ आहे!"

जोंग-देची बायको खाली बसली. चिल-सॉप तिला म्हणाला, "मगाशी जे बोललो ते..." आणि थांबला. माझं नव्हतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण मग कुणाचं होतं? शब्द तर त्याचेच होते, पावणेतीन वर्षं जपून ठेवलेले. शेवटी तो म्हणाला, "ते बोललो खरं. आता हे करतोय, हेही खरं."

बुजवलेली वाट मोकळी करण्यात पाच दिवस गेले आणि सहाव्या दिवशी दुपारी जोंग-देला बाहेर काढलं. उजेडाने इजा होऊ नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधली होती. तोंड इतकं काळं की ओठ तेवढे दिसत होते. बाहेर पहिला पातळ बर्फ पडत होता. स्ट्रेचर चिल-सॉपच्या खुर्चीशी आलं तेव्हा मुकादमाने सांगितलं, "वाट चिल-सॉपदादाने दाखवली."

"दादा?" पट्टीखालून आवाज आला. "दादा, ते टेकू..."

"गप. आधी पाणी पी."

एवढंच तो बोलू शकला, कारण घसा बंद झाला होता. डोळे वाहत होते. छातीत काही नव्हतं, पोटात काही नव्हतं, अंगावर काटा नव्हता. सगळं फक्त मानेवरच्या वीतभर जागेत मावलं होतं, आणि ते इतकं मोठं होतं की त्याला वाटलं, डोंगर उचलून कुणी आपल्या तोंडात ठेवलाय. ओक-बून डोळे पुसायला वाकली तर त्याने मान हलवून नको म्हटलं. वाहू दे.

यॉन-जू रेडिओवर बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी सोलहून धावत आली. ओक-बूनने तिला आधी ताज्या किमचीबरोबर उकडलेलं मांस खायला लावलं आणि मग नळीची गोष्ट सांगितली. यॉन-जूचा घास हातातच राहिला.

"काकू, अमेरिकेत काहींनी मुद्दाम माणसांना छाती धडधडायचं औषध टोचलं होतं. कशाचं औषध ते सांगितलं नाही. शेजारी कुणी चिडलेला बसवला की ते म्हणायचे, आम्हाला राग आलाय. हसरा बसवला की म्हणायचे, मजा येतेय. त्यांचं म्हणणं असं, की अंग नुसतं तापतं, नाव मन देतं. आसपास जे दिसेल त्यावरून." तिने चिल-सॉपकडे पाहिलं. "तुम्हाला समोर जोंग-देकाकांची बायको दिसली."

"आणि मी नाव दिलं, राग." चिल-सॉप हळूच म्हणाला. "मी-रान समोर असती तर?"

"कदाचित माया म्हणाला असता."

"म्हणजे आजवर जे जे मला वाटलं, ते सगळं नळ्यांचंच?"

"सगळं नाही काका. नळी सरळ झाल्यावर तुम्ही वाट सांगितलीत, ते कुठून आलं? तिथे तर काहीच तापलं नव्हतं."

"ते तू सांग. शिकलेली तू आहेस."

यॉन-जूने टेपरेकॉर्डर बंद केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "ज्यांनी ही पुस्तकं लिहिली, त्यांनाही बहुतेक नाही. एकेकाने एकेक बोगदा खणलाय. खाण केवढी आहे, ते कुणी पाहिलेलं नाही."

चिल-सॉपला हे उत्तर फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस तो आल्यागेल्याला ऐकवत असे, "शिकलेल्या लोकांनाही माहीत नाही बरं का!" हे तो कुणाला चिडवायला म्हणत नसे. देवळात पायऱ्या चढून गेल्यावर आत मूर्ती किती उंच आहे ते माणूस दुसऱ्याला सांगतो, तसं सांगायचा.

जोंग-देने खाण सोडली. बाजारात भाजीचा गाळा टाकला आणि दर रविवारी तो चिल-सॉपची दाढी करायला येऊ लागला. कुणी विचारलं, "काय चिल-सॉप, माफ केलंस का त्याला?" तर तो म्हणायचा, "अजून ठरलं नाही. हात हलका आहे त्याचा, म्हणून येऊ देतो." जोंग-दे साबण लावता लावता हसायचा. दोघांत कधी त्या टेकूंवरून पुन्हा बोलणं झालं नाही. भाव वाढलेल्या कोबीवरून मात्र कडाक्याची भांडणं व्हायची आणि त्यात चिल-सॉपचा आवाज पूर्वीसारखा चढायचा. त्यात आग होती का, हे ओक-बूनलाही ठरवता येईना.

यॉन-जूचा प्रबंध झाला. त्यात चिल-सॉपचं नाव नव्हतं, "रुग्ण नऊ" एवढंच होतं. तिने एक प्रत पाठवली. त्याने मी-रानकडून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून घेतली. आकड्यांचे तक्तेही सोडू दिले नाहीत.

चिल-सॉप आणखी बरीच वर्षं जगला. शहाण्णवच्या वसंतात मी-रान आपली शंभर दिवसांची मुलगी घेऊन आली. शंभराव्या दिवसाला करतात त्या तांदळाच्या पांढऱ्या वड्या ओक-बून ताटात मांडत होती. बाळ आजोबांच्या मांडीवर ठेवावं म्हणून मी-रान वाकली, तर तो म्हणाला, "मांडीवर नको ग. मला काय कळणार? इथे धर." आणि त्याने मान वळवून गाल पुढे केला.

मी-रानने बाळ उचलून त्याची छाती बापाच्या गालाला लावली. चिल-सॉपने डोळे मिटले. त्या एवढ्याशा फासळ्यांच्या आड काहीतरी भरभर, भरभर उडत होतं, थेट त्याच्या गालावर.

"मी-रानची आई," तो कुजबुजला, "इकडे ये. बघ हिचं काळीज कसं धडधडतंय."

"भ्यायली असेल हो. नवं माणूस बघितलं ना."

"भ्यायली की खूश झाली, हे तिलाही अजून ठाऊक नाही," तो म्हणाला. "थांब, काढू नकोस. राहू दे अजून थोडा वेळ."